छोटे, एका सेव्हवर विसंबू नकोस

छोटे, आधी हे ऐक. तो कॉम्प्युटर आत्ता आहे तसा राहू दे. गेम परत परत उघडून बघू नकोस. नवीन शेत तर अजिबात सुरू करू नकोस. आणि दादा म्हणतोय म्हणून गेम काढून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नकोस. लाईट गेल्यावर बिघडलेलं तुझं स्टारड्यू व्हॅली या गेममधलं शेत बहुतेक परत मिळेल. 'बहुतेक' म्हणतेय, कारण खोटा धीर देऊन मला काय मिळणार?

दुसरं म्हणजे, आई सांगत होती की तू रात्री जेवली नाहीस आणि वर "गेमसाठी कुणी रडतं का गं" हेही ऐकून घेतलंस. रडू येतंय तर रड. स्टारड्यू व्हॅलीतला एक दिवस आपल्या घड्याळात साधारण 14 मिनिटांचा. तिथल्या वर्षात चार ऋतू, प्रत्येकी 28 दिवस, म्हणजे 112 दिवस. हिशेब केलास तर एक वर्ष 26 तासांच्या आसपास जातं. तू तिसऱ्या वर्षात पोचली होतीस, गेममधल्या आजोबांनी समाधीवर चारही मेणबत्त्या लावल्या होत्या. म्हणजे शाळा, क्लास, घरातली कामं सांभाळून तू त्या शेतात 50 तासांच्या वर राबलीस. एवढं काम एका झटक्यात गेलं तर माझ्या ऑफिसातली पन्नाशीची माणसंही रडकुंडीला येतात. मी दिवसभर बॅकअपचंच काम बघते, मला विचार. त्यामुळं लाजू नकोस. फक्त पुढच्या वेळी रडायची पाळी येऊ नये, एवढं बघू.

आधी शेत परत आणू. विंडोजचं बटण धरून आर दाब. कोपऱ्यात छोटी चौकट येईल. त्यात टक्क्याचं चिन्ह, मग इंग्रजीत 'अ‍ॅपडेटा', मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह, मध्ये कुठेही जागा न सोडता, आणि एंटर. जे फोल्डर उघडेल त्यात 'स्टारड्यू व्हॅली' शोध, त्याच्या आत 'सेव्ह्ज'. तिथं तुझं नाव आणि पुढं लांबलचक आकडा असं एक फोल्डर आहे. तेच तुझं शेत.

आता पहिलं काम: ते अख्खं फोल्डर कॉपी करून डेस्कटॉपवर ठेव. बिघडलेलं आहे ना, मग कशाला, असं म्हणू नकोस. दुरुस्ती करताना हात चुकला तर जिथं होतो तिथं तरी परत येता आलं पाहिजे. माझ्या खात्यात नवीन आलेल्या पोरांना मी सगळ्यात आधी हेच शिकवते.

मग फोल्डरच्या आत बघ. दोन मुख्य फाइली दिसतील. एकीचं नाव फोल्डरसारखंच, दुसरी 'सेव्हगेमइन्फो'. त्यांच्या शेजारी त्याच नावांच्या, पण शेवटी अंडरस्कोर आणि 'ओल्ड' लावलेल्या आणखी दोन. मुख्य फाइल नोटपॅडमध्ये उघड. चांगली असेल तर कंसांची जाळी दिसेल आणि त्या जाळीत ओळखीची नावं: तुझं स्वतःचं नाव, शिलकीचा आकडा, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेली तुझी गाय कपिला. बिघडलेली असेल तर पान कोरं दिसेल. गंमत अशी की बाहेरून फाइलचा आकार बरोबर दिसतो आणि आत काहीच नसतं.

तसं असेल तर त्या दोन मुख्य फाइली तिथून काढून डेस्कटॉपवर दुसऱ्या फोल्डरमध्ये टाक. मग 'ओल्ड'वाल्यांच्या नावातलं अंडरस्कोर आणि 'ओल्ड' खोडून टाक. बाकीच्या नावाला धक्का लावू नकोस. गेम उघड. शेत एक दिवस मागं गेलेलं असेल, तेवढंच.

झालं? नसेल तर रात्री फोन कर. झालं असेल तर आता नीट ऐक, कारण हे परत होणार आहे. आपल्या औशात लाईट जाणं काही थांबणार नाही.

तू म्हणतेस, लाईट गेली म्हणून फाइल गेली. ते खरं आहे, पण अर्धंच. लाईट तर तू शेतात पाणी घालताना, मासे पकडतानाही जाते, तेव्हा फक्त त्या दिवसाचं काम जातं. फाइल बिघडते ती लिहिली जात असताना लाईट गेली तर. स्टारड्यूत तू रात्री झोपलीस की मगच गेम सगळं शेत फाइलमध्ये उतरवतो. सगळा धोका त्या काही सेकंदांत. आणि यात एक मेख आहे. गेम म्हणतो 'झालं लिहून', विंडोजही मान डोलावतं, पण मजकूर अजून मेमरीतच असतो, डिस्कवर जायच्या रांगेत. डिस्कवर फाइलचं नाव आणि आकार यांची नोंद होते, आतला मजकूर थोड्या वेळानं पोचतो. त्याच फटीत लाईट गेली की नाव राहतं, आकार राहतो आणि आत नुसती शून्यं. म्हणून सेव्ह झाल्याचं चिन्ह गेलं की लगेच मेन बटण बंद करायचं नाही. गेममधून रीतसर बाहेर ये, कॉम्प्युटर रीतसर बंद कर. विंडोज बंद होताना ती रांग मोकळी करतं.

शहाणे गेम यावर तोडगा ठेवून असतात. जुन्या फाइलवर थेट लिहायचं नाही. आधी नवी फाइल पूर्ण लिहायची, मग नावांची अदलाबदल करायची आणि जुनी बाजूला जपायची. तुझ्या फोल्डरमधल्या 'ओल्ड' फाइली त्यातूनच आल्या. दादाच्या माइनक्राफ्टमध्येही 'लेव्हल डॅट'च्या शेजारी 'लेव्हल डॅट ओल्ड' असते. पण ही सोय एकच पायरी मागची. शेत थोडंच बिघडलेलं असून उघडलं आणि त्यावर तू चुकून आणखी एक दिवस खेळून झोपलीस, तर चांगली 'ओल्ड' जाऊन तिच्या जागी बिघडलेलीच बसते. म्हणून म्हटलं, आधी हात लावू नकोस.

आता आपल्या लाईटचं बघू. घरात इन्व्हर्टर आहे, पण कॉम्प्युटरचा प्लग त्यावर आहे का, हे पप्पांना विचार. बऱ्याच घरांत पंखे आणि ट्यूबलाईट इन्व्हर्टरवर असतात आणि कॉम्प्युटर साध्या बोर्डावर. तुझा प्लग इन्व्हर्टरवर असेल तर त्यावर एक छोटी कळ शोध. एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको' लिहिलेलं असतं. ती 'यूपीएस'वर पाहिजे. साध्या बाजूला असेल तर लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर जास्त घेतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात बंद पडून परत सुरू होतो. कळ बदलूनही बंद पडतोच असेल तर कॉम्प्युटरपुरता वेगळा छोटा यूपीएस घ्यायला सांग. तो तासभर चालणार नाही, चालायची गरजही नाही. पाच-दहा मिनिटं मिळाली तरी झोपून, सेव्ह करून, बंद करता येतं. एवढ्यासाठीच तो असतो. त्याच्या जिवावर खेळत बसायचं नाही. आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, हे पप्पांना आधीच सांगून ठेव, नाहीतर यूपीएस असूनही ये रे माझ्या मागल्या.

वळवाच्या पावसात आणखी एक होतं. लाईट जाते, येते, परत जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा वाचलेली फाइल दुसऱ्या झटक्यात जाते, कारण आपण 'आली' म्हणून लगेच कॉम्प्युटर चालू केलेला असतो. वारा-वीज चालू असेल तेव्हा पंधरा मिनिटं थांब. तोवर आईला भाकरी थापायला मदत केलीस तर "दिवसरात काय करलालीस त्या डब्ब्यावर" हे तरी ऐकायला लागणार नाही.

डिस्क भरलेली असेल तरी लिहिणं अर्धवट राहतं. सी ड्राइव्हवरची रेघ लाल झालीय का बघ. लग्नाचे व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅपचे फॉरवर्ड, तीनदा डाउनलोड झालेला तोच सिनेमा. ते साफ कर आणि दहा-पंधरा जीबी मोकळी राहू दे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाइली उघडायला वेळ लागत असेल, तर मात्र थांबायचं नाही. त्याच दिवशी महत्त्वाचं सगळं बाहेर काढायचं.

आता मुख्य गोष्ट. सेव्ह एक नको, निदान तीन पाहिजेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या दिवसांच्या. सगळ्यांचं घोडं इथंच पेंड खातं. लोक रोज कॉपी करतात, पण कालच्याच कॉपीवर. फाइल मंगळवारी बिघडली आणि तुला शुक्रवारी कळलं, तर तोवर कॉपीही बिघडलेलीच. तीन दिवस कॉपी केल्याचं फक्त समाधान.

ज्या गेममध्ये सेव्ह करायला अनेक जागा असतात तिथं सोपं आहे. व्हाइस सिटीत आठ जागा आहेत, आणि प्रत्येक सेव्हपुढं शेवटच्या मिशनचं नाव येतं, त्यामुळं कुठलं कोणतं ते ओळखता येतं. पहिली, दुसरी, तिसरी, परत पहिली, अशा फिरवत जायच्या. मोठं मिशन झालं की एखादी सेव्ह कायमची ठेवायची. यात आणखी एक फायदा आहे. कधी फाइल चांगली असते, पण आपणच अडचणीच्या जागी सेव्ह केलेलं असतं: जीव संपत आलाय, गोळ्या नाहीत, समोर शत्रू उभा. एकच सेव्ह असेल तर कितीदाही उघड, मरायचंच.

तुझ्या स्टारड्यूत एका शेताला एकच सेव्ह. तिथं फोल्डर स्वतः कॉपी करायचं. डी ड्राइव्हवर 'शेत' नावाचं फोल्डर कर, आणि प्रत्येक कॉपीला तारखेचं नाव दे, पण उलटं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. 2025-06-14 असं. म्हणजे कॉम्प्युटर आपोआप क्रमानं लावतो. सगळ्या कॉपी मिळून तुझ्या मैत्रिणीच्या एका वाढदिवसाच्या व्हिडिओएवढ्याही होणार नाहीत, तेव्हा जागेची काळजी नको. रोज नको, दर रविवारी आणि ऋतू बदलला की. पाच-सहा साठल्या की सगळ्यात जुन्या काढून टाक, वर्षाच्या सुरुवातीची मात्र ठेव.

कॉपी करताना गेम बंद पाहिजे. ही अट आहे. माइनक्राफ्टचं एक जग शेकडो तुकड्यांत विभागलेलं असतं, आणि खेळताना ते तुकडे एकेक करून लिहिले जात असतात. मधेच कॉपी केलीस तर घर आजचं आणि घराखालची खाण कालची, असा घोळ होतो. दादाला सांग, जगाच्या यादीत 'एडिट'मध्ये बॅकअपचं बटण आहे. ते दाबलं की सगळं जग एका झिप फाइलमध्ये बांधलं जातं. तू जर स्टारड्यूत मॉड, म्हणजे बाहेरच्यांनी बनवलेली भर, टाकायला स्मापी वापरलंस, तर तेही रोज पहिल्यांदा गेम उघडताना सगळ्या शेतांची कॉपी करतं आणि शेवटच्या दहा ठेवतं. पण त्याही त्याच कॉम्प्युटरवर. डिस्क गेली तर दहाही गेल्या.

मॉडचं निघालंच आहे तर सांगते. मॉड टाकायच्या आधी कॉपी, काढायच्या आधीही कॉपी. नवीन पीक देणारा मॉड तू अर्ध्यात काढलास तर शेतात उभं असलेलं ते पीक कुठून आणायचं, हे गेमला कळत नाही. गेमचं मोठं अपडेट आलं तरी तेच. अपडेट झालेल्या गेमनं लिहिलेली फाइल जुना गेम सहसा उघडत नाही, त्यामुळं मागं जायचं दार बंद होतं.

आणि सगळा दोष लाईटचा किंवा आपलाच असतो असंही नाही. सायबरपंक 2077 आठवतो? डिसेंबर 2020 मध्ये आलेला, पोलंडच्या मोठ्या कंपनीचा, वर्षानुवर्षं गाजावाजा झालेला गेम. कॉम्प्युटरवर त्याची सेव्ह फाइल 8 एमबीच्या पुढं गेली की बिघडायची. जे जास्त खेळले, ज्यांनी जास्त सामान जमवलं, त्यांचंच नुकसान. कंपनीकडून सुरुवातीला सल्ला मिळाला की सामान कमी बाळगा. आरडाओरडा झाल्यावर त्याच महिन्यात ती मर्यादा काढली. व्हाइस सिटीच्या प्लेस्टेशन 2 वरच्या सुरुवातीच्या काही प्रतींत आइस्क्रीमच्या कारखान्यात सेव्ह केलं की सेव्हच खराब व्हायचा. म्हणून नवा गेम आला की पहिल्याच आठवड्यात जीव ओतून खेळू नकोस. लोकांच्या तक्रारी वाच, दोन अपडेट येऊ देत, आणि तोवर जास्त सेव्ह ठेव.

घरच्या कॉम्प्युटरला आणखी एक शत्रू असतो: घरातली माणसं. दादा आणि त्याचे मित्र सुट्टीत येतात, 'न्यू गेम' दाबतात, तुझ्याच जागेवर सेव्ह करतात. भांडून काही होत नाही. विंडोजमध्ये तुझं वेगळं खातं उघड, पासवर्ड लाव. बऱ्याच गेमचे सेव्ह 'डॉक्युमेंट्स' नाहीतर 'अ‍ॅपडेटा'त असतात, आणि ते प्रत्येक खात्याचं वेगळं असतं. तुझं शेत दादाला दिसणारच नाही, मग मोडणार कसं?

तू म्हणशील, गेम घेतला त्या स्टीमवर क्लाउड आहे, मग हे सगळं कशाला? क्लाउड वापर, पण त्याच्या भरवशावर झोपू नकोस. क्लाउडला चांगलं-वाईट कळत नाही, कॉम्प्युटरवर आहे तेच तो वर चढवतो. फाइल बिघडली की थोड्या वेळात तीच वर जाते. शिवाय आपल्याकडं नेट म्हणजे पप्पांचा हॉटस्पॉट. पप्पा फोन घेऊन बाहेर पडले की चढणं अर्धवट. मग तू नेटशिवाय खेळतेस, आणि दोन दिवसांनी स्टीम विचारतं: क्लाउडवरचं ठेवू की कॉम्प्युटरवरचं? इथं घाईनं बटण दाबायचं नाही. आधी आपलं फोल्डर कॉपी करून बाजूला काढ, मगच उत्तर दे. चुकीचं दाबलं गेलं तरी तुझ्या हातात काहीतरी राहतं.

हा प्रश्न विचारताना स्टीम दोन तारखा दाखवतं, आणि आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या तारखाच फसवतात. लाईट जाऊन आली की तुमच्या स्क्रीनवर घड्याळ कितीतरी वर्षं मागं जातं ना? मदरबोर्डवर रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर 2032 म्हणून मिळते. ती संपली की वीज गेल्यावर कॉम्प्युटरला तारीख लक्षात राहत नाही. मग आज खेळलेलं शेत कागदोपत्री जुनं ठरतं आणि क्लाउडवरचं शिळं शेत नवं. ती बॅटरी बदलून घे, किरकोळ खर्चाचं काम आहे. गावातला कुठलाही कॉम्प्युटर दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देईल.

आता फोन, कारण क्लासला जाताना गाडीत तू फोनवरच खेळतेस. फोनमध्ये दोन बटणं शेजारी-शेजारी असतात: 'कॅशे साफ करा' आणि 'डेटा साफ करा'. पहिलं दाबलं तर काही बिघडत नाही. दुसरं दाबलं की खेळ पहिल्यापासून. 'फोन झटपट करा' म्हणणारी ती साफसफाईची अ‍ॅपं आजच काढून टाक, त्यांच्या हातात हे बटण द्यायचं नाही. गेम काढून टाकला की फोनमधले त्याचे सेव्हही बहुतेक वेळा जातात. म्हणून आधी गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन बघ, खातं जोडायची सोय आहे का. 'गेस्ट' म्हणून खेळलेलं सगळं त्या एका फोनशी बांधलेलं असतं. फोन हरवला, बदलला, रीसेट केला, की संपलं.

दादा फोनवर पीएसपीचे गेम चालवणाऱ्या पीपीएसएसपीपीवर गॉड ऑफ वॉर खेळतो. त्याला सांग, सुरुवातीला ते अ‍ॅप विचारतं की फाइली कुठं ठेवू. 'अ‍ॅपच्या खाजगी जागेत' म्हटलं तर अ‍ॅप काढल्यावर सेव्हही जातात. स्वतःचं पीएसपी फोल्डर निवडलं तर राहतात, आणि त्यातलं 'सेव्हडेटा' उचलून दुसऱ्या फोनमध्ये टाकता येतं. आणि तो 'सेव्ह स्टेट'वरच विसंबतो, ते चुकीचं आहे. त्यात त्या क्षणीची सगळी मेमरी गोठवलेली असते, अ‍ॅपची आवृत्ती बदलली की ती उघडेलच असं नाही. गेमच्या आतून केलेला सेव्ह जास्त टिकाऊ. दोन्ही करावेत.

ऑनलाइन गेमचं गणितच वेगळं. बीजीएमआय म्हण, नाहीतर पुण्याच्या सुपरगेमिंगचा इंडस म्हण, तिथं तुझी सगळी कमाई कंपनीच्या सर्व्हरवर असते. फाइल बिघडायची भीती नाही, पण दुसरी भीती आहे. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली, 2021 मध्ये बीजीएमआय आला, आणि जुन्या खात्यातला माल नव्यात न्यायला ठराविक मुदत मिळाली. ज्यांनी मुदतीत केलं त्यांचं राहिलं. तिथं तुझ्या हातात एवढंच आहे: खातं जोडलेलं ठेव, पासवर्ड लिहून ठेव, आणि पप्पांचे पैसे त्यात घालू नकोस.

दहावीनंतर तू लातूरला जाणार. 20 किलोमीटरच आहे, पण कॉम्प्युटर औशातच राहणार, दादाच्या ताब्यात. त्याआधी 'शेत' फोल्डर पेनड्राइव्हवर घे. पेनड्राइव्ह ओढून काढायचा नाही, आधी 'इजेक्ट' दाबायचं. तिथंही रांगेत लिहिणं चालूच असतं. एक कॉपी माझ्या ड्राइव्हवर पाठव. म्हणजे एक कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर, एक पुण्यात माझ्याकडं.

आणि एक काम जे जवळजवळ कुणीच करत नाही. जूनच्या आधी पप्पा काय करतात ते बघितलंयस ना? घरचं सोयाबीन बियाणं म्हणून राखलेलं असतं, पण ते थेट पेरत नाहीत. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि सत्तर तरी उगवले तरच पेरतात. कॉपीचंही तेच. महिन्यातून एकदा त्यातली एखादी उघडून बघ. शेत उघडतंय का, कपिला आहे का, शिल्लक बरोबर आहे का. फक्त आधी चालू फोल्डर बाजूला काढून ठेव आणि बघून झालं की परत जागेवर आण. न उघडून बघितलेली कॉपी म्हणजे कॉपी आहे असा नुसता समज. माझ्या कामात सगळ्यात जास्त पश्चात्ताप याच समजाचा होतो.

आता मनातलं बोलते. मी तुला हे एवढं शिकवतेय ते फक्त गेमसाठी नाही. किल्लारी आपल्याच तालुक्यात आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपण दोघींनी पाहिली नाही, पण आजीच्या बोलण्यात ती असतेच. माणसंच गेली तिथं कागदांचं कोण बोलणार? पण जे वाचले त्यांना पुढं प्रत्येक ठिकाणी कागद लागलेच, आणि ते ढिगाऱ्याखाली होते. घरातली गोष्ट घरातच ठेवली की घराबरोबर जाते. आज तुझ्या फोनमध्ये आजीचे फोटो आहेत, तिच्या आवाजातल्या ओव्या तू रेकॉर्ड केल्यास. उद्या दहावीची गुणपत्रिका येईल, दाखले येतील. बोर्डाची गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळते, पण आजीच्या ओव्या कुठल्याच सरकारी साइटवर मिळणार नाहीत. त्या एकाच फोनमध्ये आहेत, जो तू दिवसातून दोनदा पाडतेस.

गेमच्या निमित्तानं ही सवय अंगवळणी पडली तर ते शेत गेलं त्याचं सोनं झालं असं मी म्हणेन. कारण गेमचं शेत परत नांगरता येतं. 50 तास जातील, पण येतं.

तर या रविवारी बसायचं. आधी आजीच्या ओव्या आणि फोटो, मग शाळेचे कागद, मग शेत. तिन्हींच्या तीन-तीन प्रती, आणि प्रत्येकातली एक मला पाठव. झालं की फोन कर, मी इथं उघडून बघते. आणि आज जेवून झोप.